‘घेतली’ की ‘गेली’? एका इंग्रजी क्रियापदाचा आपल्याकडचा इतिहास

(सावनेर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

भाषेबद्दल बोलायला सावनेरला यायचं म्हटलं की एक नाव आपोआप पुढे येतं. राम गणेश गडकरी. जन्म १८८५ चा, गुजरातेत नवसारीला, आणि शेवट इथे, या गावात, २३ जानेवारी १९१९ ला. वय जेमतेम तेहतीस. आजारी अवस्थेत ते इथे भावाकडे आले होते. ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं, आणि ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच १९१९ साली. एका शब्दाला चार बाजूंनी वाजवून पाहायचं, त्यातून हसूही काढायचं आणि रडूही, ही गडकऱ्यांची ताकद. त्यांच्या गावात बोलताना आपणही आज एकच शब्द घेऊ या आणि तो वाजवून पाहू या.

‘घेऊ या’ म्हटलं ना आत्ता? तोच आजचा शब्द. इंग्रजीतलं ‘टेक’ आणि आपलं ‘घेणे’.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? हा तर शाळेतला भाषांतराचा तास झाला. पण आमचं म्हणणं असं आहे की, या एका क्रियापदाच्या मागे मागे गेलं तर नागपूरचं राज्य कसं बुडालं, मालगुजारी कशी संपली, धरणं आणि खाणी कशा झाल्या, हे सगळं वाटेत भेटतं. आणि कागदावर ‘कोणी घेतलं’ हे कसं पुसलं जातं, तेही दिसतं. म्हणून थोडा धीर धरा, सुरुवात शाळेच्या तासापासूनच करू.

‘टेक’ म्हणजे घेणे. पहिलीच्या मुलाला येतं. आता पुढे चला. ‘टेक अ फोटो’. आपण फोटो घेत नाही, काढतो. ‘टेक टाइम’. वेळ घेत नाही, वेळ लागतो. ‘टेक अ सीट’ म्हणजे ‘बसा’, बस्स, एवढंच. ‘टेक केअर’ म्हणजे ‘काळजी घे’, हे जुळलं. पण नागपूरकडे माणूस निघताना काळजी घे म्हणत नाही, ‘सांभाळून जाजो’ म्हणतो. आणि सगळ्यात गमतीचं ‘टेक ॲन एक्झाम’. इंग्रज परीक्षा घेतो, आपण परीक्षा देतो! आपल्याकडे परीक्षा घेतो तो मास्तर. म्हणजे कृती तीच, खोली तीच, पेपर तोच, पण एका भाषेत विद्यार्थी घेणारा आणि दुसऱ्या भाषेत देणारा. हे लक्षात ठेवा. घेणारा कोण आणि देणारा कोण हे भाषा ठरवते, आणि प्रत्येक भाषा वेगळं ठरवते.

आता उलट्या दिशेनं या. आपलं ‘घेणे’ इंग्रजीत न्यायचं. श्वास घेणे, झोप घेणे, दर्शन घेणे, माघार घेणे, कैवार घेणे, धास्ती घेणे, पेट घेणे, मनावर घेणे, अंगावर घेणे, तोंडसुख घेणे, हात आखडता घेणे. प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत वेगळं क्रियापद लागेल. ‘नाव घेणे’ घ्या. लग्नात नवरी उखाण्यात नाव घेते, भांडणात कोणी आपलं नाव घेतलं की आपण चिडतो, आणि सकाळी उठून देवाचं नाव घेतो. तीन वेगळ्या गोष्टी, एकच ‘घेणे’. मग ‘करून घेणे’, ‘शिकून घेणे’, ‘ऐकून घेणे’, ‘जमवून घेणे’. इथे घेणे दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला बसतं आणि काम कोणाच्या पदरात पडलं ते सांगतं. ‘ऐकलं’ आणि ‘ऐकून घेतलं’ यात फरक आहे. ऐकलं ते कानानं. ऐकून घेतलं त्यात सोसणं आलं.

आणि एक अर्थ राहिलाच. ‘तो घेतो का हो?’ सभेत हसू आलं, म्हणजे समजलं. काय घेतो ते सांगावंच लागत नाही. ‘एकच प्याला’मधला सुधाकर एकदा घेतो आणि मग ते घेणं त्याला सोडत नाही. शेवटी कोण कोणाला घेतं, हाच त्या नाटकाचा प्रश्न म्हणा ना.

तर इतक्या अर्थांचं हे क्रियापद कोशात कसं बसवायचं? हा प्रश्न पहिल्यांदा ज्यांना नीट पडला ती माणसं म्हणजे मोल्सवर्थ आणि कँडी. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू त्याच्या मदतीला. त्याआधी सेरामपूरहून विल्यम कॅरेचा मराठी कोश १८१० मध्ये निघाला होता, मोडी लिपीत छापलेला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि सुधारलेली, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. साहेबांनी हे एकट्यानं केलं असं समजू नका. शब्द गोळा करणारे, तपासणारे, अर्थ समजावून सांगणारे आपले शास्त्री-पंडित होते. त्यांच्याशिवाय एक पानही झालं नसतं.

मराठी-इंग्रजी कोशात काम त्या मानानं सोपं. मराठी शब्द समोर आहे, त्याचं वर्णन करा. अवघड होता तो इंग्रजी-मराठी कोश. तो मोल्सवर्थनं हाती घेतला, तब्येत ढासळली म्हणून सोडला, आणि थॉमस कँडीनं पुरा करून १८४७ मध्ये छापला. अवघड का? कारण इंग्रजीत अगदी लहान, रोजची क्रियापदं सगळ्यात जास्त पसरलेली असतात. ‘सेट’, ‘रन’, ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ या क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ मोजले गेले. मोठमोठे शास्त्रीय शब्द एका अर्थाचे असतात. त्यांना संस्कृतातून एक प्रतिशब्द करून दिला की झालं. पण ‘टेक’ला एक प्रतिशब्द देता येत नाही. तिथे वाक्य बघावं लागतं, प्रसंग बघावा लागतो, आणि कोण बोलतो तेही बघावं लागतं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हे ‘टेक’ मूळ इंग्रजीचं नाहीच. जुन्या इंग्रजीत घेण्याला ‘निमन’ म्हणत, जर्मनमध्ये आजही ‘नेमेन’ आहे. उत्तरेकडून व्हायकिंग लोक इंग्लंडात आले, लुटायला आले आणि मग वसले. त्यांचं ‘टाका’ हे क्रियापद इंग्रजीत शिरलं आणि त्यानं घरचं ‘निमन’ हळूहळू हुसकून लावलं. म्हणजे ‘घेणे’ हा शब्दसुद्धा इंग्रजांनी घेतलेला! की त्यांच्यावर लादलेला? बघा, लगेच दोन क्रियापदं झाली.

आपलं ‘घेणे’ मात्र घरचं आहे. संस्कृतात ‘ग्रह्’ धातू, गृह्णाति. प्राकृतात त्याची गेण्हइ, घेप्पइ अशी रूपं झाली आणि तिथून मराठीत घेणे आलं. याच ‘ग्रह्’ला मागे उपसर्ग लावले की काय काय होतं पाहा. संग्रह, आग्रह, निग्रह, विग्रह, अनुग्रह, परिग्रह, आणि लग्नातलं पाणिग्रहण. हे शब्द बाजूला ठेवा, शेवटी लागणार आहेत.

पण बळानं घेण्याचे जे शब्द आहेत, ते बहुतेक घरचे नाहीत. जप्त, कब्जा, काबीज, ताबा, खालसा. सगळे अरबी-फारसीतून आलेले. कारण उघड आहे. शतकानुशतकं दरबाराची, महसुलाची भाषा फारसी होती. ज्याच्या हातात दफ्तर, त्याच्या भाषेत जप्ती. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तो दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. राज्य बदललं की शब्द बदलायला हवेत, हे त्यांना कळलं होतं. तरी आज तलाठ्याकडे जा, ‘ताबा’ आणि ‘कब्जा’ तिथे ठाण मांडून आहेत.

आता येऊ आपल्या मुख्य गोष्टीवर.

नागपूरचे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. पोटी मुलगा नव्हता, दत्तक घेतलेला नव्हता. इथे ‘घेणे’ पुन्हा आलं बघा. आपल्या भाषेत दत्तक ‘घेतात’ आणि ‘देतात’. आईबाप मुलगा देतात, घेणारे ओटीत घेतात. देणं आणि घेणं दोन्ही झाल्याशिवाय दत्तविधान पुरं होत नाही. राजवाड्यातल्या स्त्रियांचं म्हणणं होतं की, राजा गेला तरी राणीला दत्तक घेण्याचा अधिकार आहे, तशी वहिवाट आहे. आणि वहिवाटीला पुरावा दूर शोधायची गरज नव्हती. हे तिसरे रघुजी स्वतः तसेच गादीवर आले होते! १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी काढलं, आणि दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा लहान मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला. वारलेल्या राजाच्या राणीनं घेतलेला दत्तक. १८१८ मध्ये हे इंग्रजांना चाललं होतं, कारण सोयीचं होतं. छत्तीस वर्षांनी तेच चाललं नाही.

१८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य कंपनीच्या मुलखात सामील केलं. सावनेर त्यातच आलं. आपण शाळेत काय शिकलो? ‘डलहौसीने संस्थाने खालसा केली.’ वाक्यात कर्ता आहे, डलहौसी. कर्म आहे, संस्थाने. क्रियापद आहे, खालसा करणे. कोणी काय केलं ते स्वच्छ कळतं.

पण इंग्रजांनी स्वतः कोणता शब्द वापरला? त्यांनी ‘टेक’ म्हटलं नाही. त्यांचा शब्द होता ‘लॅप्स’. लॅप्स म्हणजे काय? तुम्हाला माहीत आहे, विम्याचा हप्ता भरला नाही की ‘पॉलिसी लॅप्स झाली’ म्हणतो. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ घसरणे, निसटणे. म्हणजे राज्य कोणी घेतलं नाही. ते घसरलं. वारस नव्हता म्हणून हातातून निसटलं आणि खाली कंपनी उभी होती, तिच्या ओंजळीत पडलं. घेणारा वाक्यातून गायब! एवढं मोठं राज्य, एवढा मोठा मुलूख, आणि व्याकरणात तो घेणारा कोणीच नाही.

त्यानंतर काय झालं? भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल लिलावात विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीसाठी पाठवलं गेलं. आता आमची चूक पकडा. आम्हीही ‘विकले गेले’, ‘पाठवलं गेलं’ म्हटलं. सरकारी कागद फार वाचले की अशी सवय लागते. सरळ म्हणू या. कंपनी सरकारनं विकले, कंपनी सरकारनं पाठवलं. आणि राजवाड्यानं जो दत्तक घेतला होता, ते जानोजी, त्यांना सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी राजाबहादूर ही पदवी आणि देऊरची जहागीर दिली. दत्तक मानला, राज्य मात्र परत दिलं नाही. घेणारा दिसत नाही, देणारा मात्र चटकन पुढे येतो. देताना सरकारला कर्ता व्हायला आवडतं!

हे झालं राजाचं. आता रयतेकडे येऊ, कारण आपण बहुतेक सगळे रयतेतलेच.

जमिनीचा इंग्रजी कायदा म्हणजे १८९४ चा ‘लँड ॲक्विझिशन ॲक्ट’. त्याच्या आधीही असे कायदे होते, पण हा जवळजवळ एकशेवीस वर्षं गावागावांत गाजला. त्याच्या नावात ‘टेक’ नाही, ‘ॲक्वायर’ आहे. ‘टेक’ आत आहे, कलम १६ मध्ये. कलेक्टरनं निवाडा दिला की तो जमिनीचा ताबा घेऊ शकत असे, आणि जमीन सर्व बोजांतून मोकळी होऊन सरकारची होत असे. नाव सभ्य आणि कृती आत. या कायद्याची ताकद महाराष्ट्रानं मुळशीला पाहिली. टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. १९२१ पासून तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात होते. धरण झालंच.

मग मराठीत ‘ॲक्विझिशन’ला काय म्हणायचं? महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत आणायचा तर शब्द पाहिजेत. शब्द रूढ झाला तो ‘भूसंपादन’. आता ‘संपादन’ हा शब्द मराठी माणसाच्या कानाला कसा लागतो? विद्या संपादन केली. यश संपादन केलं. विश्वास संपादन केला. पुस्तकाचं, वर्तमानपत्राचं संपादन करतात. सगळीकडे कष्ट, गुण, कमाई. असा भला शब्द, आणि तो लागला शेतकऱ्याच्या जमिनीला. ज्याची जमीन जाते त्याला नोटीस येते की तुमच्या जमिनीचं ‘संपादन’ होत आहे. यश संपादन करतात तसं! एकाची कमाई दुसऱ्यानं संपादन केली, हे त्या शब्दात दिसत नाही. इंग्रजीतही तसंच आहे म्हणा, तिथेही ‘ॲक्वायर’ विद्येलाही लागतं आणि जमिनीलाही. म्हणजे भाषांतर चुकलेलं नाही. भाषांतर फार बरोबर झालं, झाकणासकट झालं.

सावनेरहून उत्तरेला गेलात की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो, सौंसर, छिंदवाडा. तिकडेही मराठी बोलणारी पुष्कळ गावं आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच राज्यात होतो, आणि राजधानी नागपूर होती. हिंदी पारिभाषिक शब्दांचं मोठं काम करणारे डॉ. रघुवीरही त्या काळात नागपुरातच बसून कोश करत होते. आज सीमेपलीकडे हिंदी चालते, आणि हिंदीत सर्रास वापरला जाणारा शब्द आहे ‘भूमि अधिग्रहण’. अधि-ग्रहण. ‘ग्रह्’ आला ना! म्हणजे आपल्या ‘घेणे’चा सख्खा पूर्वज तिकडच्या शब्दात शाबूत आहे. तिकडचा शब्द निदान व्युत्पत्तीनं तरी कबूल करतो की, हे घेणं आहे. इकडचा शब्द म्हणतो, संपादन.

आणि नोटिशीचं वाक्य कसं असतं? ‘सदर जमीन ताब्यात घेण्यात येत आहे.’ ‘घेण्यात येईल.’ ‘घेण्यात आलेली आहे.’ हे ‘घेण्यात येणे’ बोलभाषेत कोणी ऐकलंय का? ‘आज घरी भाजी करण्यात आली’ असं कोणी म्हणतं का? हे दफ्तराचं मराठी. यात घेणे आहे, पण घेणारा नाही. लॅप्समध्ये क्रियापदच बदललं होतं. इथे क्रियापद राखलं आणि कर्ता खोडला. उपाय वेगळा, काम तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. ज्याची जमीन जाते तो काय म्हणतो?

सावनेर तालुक्यात वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. कोळशासाठी १८९४ चा कायदा पुरेसा वाटला नाही म्हणून १९५७ मध्ये कोळसाधारक क्षेत्रांचा वेगळा कायदा झाला. त्यातही केंद्र सरकारनं जाहीर केलं की जमीन आणि हक्क सरकारकडे निहित होतात. ‘निहित होतात’, पुन्हा आपोआप! पण विदर्भात कुठेही जा, धरणाच्या गावात, खाणीच्या गावात, रस्त्याच्या कडेला, म्हातारा माणूस काय सांगतो? ‘आमची चार एकर खाणीत गेली.’ ‘वावर धरणात गेलं जी.’ ‘रस्त्यात गेली.’ गेली! घेतली म्हणत नाही, हिरावली म्हणत नाही, संपादन तर नाहीच नाही. माणूस गेला म्हणतो तसं, जमीन गेली.

आम्हाला आधी वाटायचं, हा माणसाचा भोळेपणा आहे. त्याला घेणारा दिसत नाही म्हणून तो ‘गेली’ म्हणतो. मग हळूहळू लक्षात आलं की तसं नाही. त्याला सगळं दिसतं. कोणत्या साहेबानं सही केली, कोणत्या साली पंचनामा झाला, कोणत्या झाडाचे किती मोजले आणि कोणत्या झाडाचे मोजलेच नाहीत, त्याला तोंडपाठ असतं. ‘गेली’ म्हणतो कारण त्याच्या लेखी ती वस्तू नव्हती, घरातलं माणूस होतं. वस्तू घेतात. माणूस जातं.

डलहौसीच्या ‘लॅप्स’मध्येही घेणारा नाही आणि म्हाताऱ्याच्या ‘गेली’मध्येही नाही. व्याकरण दोन्हीकडे सारखं. पण एकीकडे घेणाऱ्यानं स्वतःला लपवलं आहे, आणि दुसरीकडे गमावणाऱ्यानं दुःख सांगितलं आहे. म्हणून नुसतं वाक्य पाहून चालत नाही, ते कोणाच्या तोंडचं आहे ते पाहावं लागतं. आणि एक धोकाही आहे. म्हाताऱ्याचं ‘गेली’ अर्जात लिहिलं की कचेरीला फार सोयीचं पडतं. गेली ना? मग आता काय करणार? म्हणून ओट्यावर ‘गेली’ म्हणा, अर्जात मात्र ‘घेतली’ लिहा, कोणी आणि कधी तेही लिहा.

हे एकाच बाजूचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. नागपूर भागात मालगुजारी होती. गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार, आणि त्याच्याखाली कसणारी कुळं. १९५० च्या कायद्यानं ती रद्द झाली, ५१ पासून अंमल झाला. मालगुजारांच्या वाड्यात आजही म्हणतात, ‘आमची मालगुजारी गेली.’ तेच ‘गेली’! आणि कसणारा काय म्हणाला? ‘जमीन नावावर झाली.’ सरकारनं घेतली, एकाची गेली, दुसऱ्याच्या नावावर झाली. एकच घटना आणि तीन क्रियापदं. इतिहास लिहिणाऱ्यानं यातलं एकच उचललं तर तो अर्धा इतिहास. पूर्व विदर्भात तलाव आहेत, त्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. हक्क गेला, पण नावात ‘माजी’ होऊन राहिला.

आणि आता घेण्याची दुसरी, उजळ बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, यांनी ‘घेणे’ला बदनाम करून टाकलं.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मग स्वतः लाखो लोकांना दिली. इंग्रजीत याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि त्या शब्दाला सहज असं वाक्य होतं की लोकांचं धर्मांतर केलं गेलं, जणू त्यांच्यावर काही झालं. मराठीत ज्यांच्या घरचे त्या दिवशी तिथे होते ते काय म्हणतात? ‘आमच्या आज्यानं दीक्षा घेतली.’ घेतली! कर्ता आजा. ज्या माणसांना शतकानुशतकं काही घेण्याचा हक्कच नव्हता, पाणीसुद्धा हातानं घेता येत नव्हतं, त्यांनी त्या दिवशी घेतलं. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सामुग्री म्हणाल तर हातात काहीच आलं नाही, ना जमीन, ना पैसा. पण ‘घेणे’ या क्रियापदाला याच्याइतकं वजन नागपूर जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्या दिवशी आलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

तसंच ‘सत्याग्रह’. मघाशी ‘ग्रह्’ बाजूला ठेवला होता, तो आता घ्या. सत्याचा आग्रह, सत्य घट्ट धरून ठेवणं. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९३० चे जंगल सत्याग्रह, सगळ्यात तोच धातू. अधिग्रहण करणाऱ्याचा ‘ग्रह्’ आणि त्यापुढे उभा राहणाऱ्याचा ‘ग्रह्’ एकच. एक घेतो, दुसरा धरून ठेवतो. आणि इथून जवळच पवनारला बसलेल्या विनोबांनी १९५१ मध्ये तिसरीच वाट काढली, भूदान. जमीन घ्यायचीच आहे तर ती आधी कोणीतरी आपल्या तोंडानं ‘दिली’ म्हणू दे. त्या चळवळीचं यश किती आणि अपयश किती, हा वेगळा विषय आहे. पण क्रियापद त्यांनी नेमकं निवडलं होतं, दत्तविधानासारखं. देणाराही पाहिजे आणि घेणाराही.

तर मंडळी, एका शब्दाला किती प्रतिशब्द हे मोजायला कोश पुरे. घेणे, स्वीकारणे, पत्करणे, मिळवणे, संपादणे, ताब्यात घेणे, जप्त करणे, काबीज करणे, खालसा करणे, हिरावणे, बळकावणे, लाटणे. यांना आपण समानार्थी म्हणतो, शाळेत एका ओळीत लिहितो आणि पाच गुण घेतो. पण ‘स्वीकारणे’ आणि ‘लाटणे’ यांच्यामध्ये एखाद्याचं आयुष्य जातं. समानार्थी शब्दांत वस्तू समान असते, बाजू समान नसते.

एक काम सांगून थांबतो. घरी ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुने कागद असतील. आज्याच्या वेळची नोटीस, निवाड्याची प्रत, फेरफार, सातबारा, एखादं दत्तकपत्र. रविवारी काढा आणि फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. कुठे ‘घेतली’ आहे, कुठे ‘घेण्यात आली’, कुठे ‘निहित झाली’, कुठे ‘संपादित’. मग घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारा की तेव्हा काय झालं होतं, आणि तो जे क्रियापद वापरेल ते त्याच कागदाच्या पाठीमागे, तारीख घालून लिहून ठेवा. मूळ कागदावर लिहायला नको वाटलं तर प्रतीवर लिहा. पुढं कोणी सावनेरचा इतिहास लिहायला बसलं तर त्याला कचेरीतला कागद मिळेलच. तुमच्या माणसाचं क्रियापद मात्र तुम्ही लिहिलं तरच मिळेल.

तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत. नुसतं ऐकलं नाहीत, ऐकून घेतलंत. आता प्रश्न असतील तर विचारा जी.